क्रशरवरून काढलेला फोटो

पेपरची जीप पहाटे साडेपाचला स्टँडवर यायची. ती थांबत नसे, नुसती हळू होई, आणि मागच्या माणसाने पायाने ढकललेला गठ्ठा धपकन रस्त्यावर पडे. त्या दिवशीही तसाच पडला. पेपरवालीने तो शेडच्या फरशीवर ओढून नेला, कमरेच्या पिशवीतून ब्लेड काढून सुतळी कापली आणि उकिडवं बसून पुरवण्या आत घालायला लागली. चार वर्षं हेच काम. हात आपोआप चालायचे. पान उघड, पुरवणी सरकव, मीट, मांडीवर दाब, पुढचा घे.

विसेक पेपर झाल्यावर तिची नजर पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्यावर गेली आणि हात थांबले.

खाणीचा फोटो होता. उंचावरून काढलेला. ढासळलेला कडा, त्याखाली दगडांचा ढीग, आणि ढिगाच्या अलीकडे एका रांगेत तीन ताडपत्र्या. ताडपत्र्यांखाली काय आहे ते सांगायला नको होतं, एकीतून पाय बाहेर आला होता. वर मथळा होता, ‘खाणीत मेले किती? कंपनी म्हणते एक, फोटोत तीन.’ खाली बारीक अक्षरात ‘आमच्या वार्ताहराकडून’.

हा वार्ताहर म्हणजे तिचा नवरा. बातमी येणार हे तिला माहीत होतं. फोटो येणार नाही, असं त्याने तिच्यासमोर तिच्या धाकट्या भावाला सांगितलं होतं.

तिने पान शेडच्या दिव्याखाली धरलं. फोटोच्या डाव्या कडेला बोटभर रुंदीची एक पट्टी आली होती. पिवळ्या कापडावर लाल फुलं. ती चादर तिची होती. मधून विरली म्हणून तिने कडेचे चांगले तुकडे काढले होते, एकाला दुमड घालून शिवलं होतं आणि धाकट्याला दिलं होतं, धुरळा येतो तर खिडकीला लाव म्हणून. धाकटा खाणीतल्या दगडाची खडी करणाऱ्या क्रशरवर ऑपरेटर होता. क्रशरच्या माथ्यावर पत्र्याची केबिन, तिथे बसून खालचा पट्टा चालू-बंद करायचा, दगड अडकला की भोंगा वाजवायचा. ती केबिन आणि ते फुलाफुलांचं कापड खाणीवरच्या प्रत्येक माणसाने पाहिलेलं होतं. त्यावरून त्याची थट्टा चालायची, ऑपरेटरची माडी म्हणायचे.

“काय पेपरवाली, आज अंडी उबवताय का पेपरावर बसून?” समोरचा चहावाला आला आणि नेहमीसारखा वरचा पेपर त्याने उचलला.

चहावाल्याने पेपर उलटा केला, वाचला, परत वाचला. मग त्याने तो चार घड्या घालून खिशात कोंबला.

“तुमच्या मालकांनी लिहिलंय?”

“मला कुठलं माहीत. मी वाटते फक्त.”

“बरं,” तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. “जपून हो.”

गठ्ठा परत बांधावा आणि नाल्यात फेकून द्यावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण एक पेपर गेला होता. आणि एकशे चाळीस घरांना एकाच दिवशी पेपर मिळाला नाही, तर सगळं गाव विचारणार, आज असं होतं तरी काय त्यात. तिने पेपर सायकलच्या पुढच्या आणि मागच्या पिशवीत भरले आणि पायडल मारलं.

रोज ती पेपर दारात फेकायची आणि पुढे जायची. आज प्रत्येक फेकीगणिक तिला वाटत होतं, आपणच धाकट्याचं नाव घरोघर सांगत सुटलोय. शाळेची गल्ली झाली, दवाखाना झाला, गोदामामागच्या चाळी झाल्या. उजाडलं तसं ऊन लगेच अंगाला लागायला लागलं. त्या वर्षी उन्हाळा लवकर आला होता, शेतातली कामं संपली होती आणि निम्मं गाव खाणीवर होतं. दगड फोडायला, खडी भरायला, डंपर हाकायला. ज्यांच्या दारात ती पेपर टाकत होती, त्यातल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस सात वाजता त्याच फाटकातून आत जाणार होता.

खाणीच्या मॅनेजरचा बंगला रस्त्याच्या शेवटी होता. पेपर फाटकाच्या सळ्यांतून आत सरकवायचा अशी तिथली पद्धत. ती सायकल उभी करते न करते, तोच मॅनेजर अंगणात दिसला. बनियनवर, तोंडात ब्रश. त्याने हात पुढे केला. ती पेपर देऊन वळणार, तेवढ्यात त्याने बोटानेच थांब अशी खूण केली.

तो नळाशी गेला, चूळ भरली, तोंड पुसलं आणि पेपर उघडला. ती फाटकाबाहेर हँडल धरून उभी. हाताला घाम सुटून रबराची मूठ निसटत होती. मॅनेजरने पहिलं पान पाहिलं. त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. त्याने पान डोळ्यांजवळ नेलं, फोटोच्या कडेला अंगठा ठेवला आणि तो अंगठा बराच वेळ तिथेच राहिला.

“तुझा भाऊ वर असतो ना?”

“हो साहेब.”

“मंगळवारी होता?”

“रोज असतो. म्हणजे, जेवायला खाली येतो.”

“जेवायला खाली येतो,” मॅनेजर सावकाश म्हणाला. “जा तू. उशीर होत असेल.”

उरलेले पेपर तिने कसे टाकले, ते तिला नंतर आठवेना. दोन घरी दोन-दोन गेले आणि शेवटची दोन घरं रिकामी राहिली.

घरी पोचली तेव्हा धाकटा कामावर निघून गेला होता. तिचा बातमीदार नवरा खाटेवर उजवा पाय लांब करून बसला होता आणि तिने जाताजाता दारात टाकलेला पेपर मांडीवर होता. चार वर्षांपूर्वी पुराची बातमी आणायला निघाला असताना त्याची मोटारसायकल रस्त्याखालच्या मोरीत गेली, तेव्हापासून तो गुडघा पुरता वाकत नव्हता. तो घरी बसून फोनवर बातम्या जमवायचा आणि फोनवरच जिल्ह्याच्या ऑफिसला सांगायचा. पेपर वाटणं तेव्हाच तिच्याकडे आलं.

तिने दार लोटलं. “तुम्ही म्हणाला होता, नुसता दाखवायला पाठवतो.”

“तसंच सांगितलं होतं मी त्यांना.”

“मग?”

“मग त्यांनी छापला.” त्याने पेपर बाजूला ठेवला. “मी सकाळी फोन केला. तिकडून म्हणाले, फोटोशिवाय बातमीला दम नव्हता.”

“आणि तुम्हाला हे आधी कळलं नव्हतं?”

त्याने दोन्ही हातांनी गुडघा चोळला. सव्वीस वर्षं बातम्या देणाऱ्या माणसाला, तीन ताडपत्र्यांचा फोटो ऑफिसात गेल्यावर काय होणार, हे कळलं नसेल असं तिला वाटेना.

“दोन माणसं गायब केली त्यांनी,” तो अखेर म्हणाला. “गावातला होता त्याचं नाव लिहिलं. परगावच्या दोघांचं नावच नाही. कुठे नेले तेही कोणाला माहीत नाही. पोलिसांनी कंपनीचा कागद उतरवून घेतला. नुसतं माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?”

“माझा भाऊ जिवंत आहे,” ती म्हणाली. “त्याचं आधी बघा.”

दुपारी ती डबा घेऊन खाणीवर गेली. रोज फाटकावरचा रखवालदार मान हलवून आत सोडायचा. आज त्याने डबा मागितला. एकेक कप्पा उघडला, काडीने आतलं अन्न उकरून पाहिलं, मग तीच काडी दुसऱ्या कप्प्यात घातली. पाण्याची बाटली हलवून पाहिली. “साहेबांचा हुकूम आहे,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. याच रखवालदाराच्या पोरीच्या लग्नाची बातमी तिच्या नवऱ्याने फुकट छापून आणली होती.

क्रशर सकाळी थोडा वेळ चालवून बंद करवला होता. इतकी वर्षं कानात बसलेला तो खडखडाट नसल्यामुळे सगळी खाण आजारी माणसासारखी वाटत होती. ढासळलेल्या कड्याकडे दोरी लावली होती. माणसं सावलीत गटागटाने जेवत होती, पण बोलत नव्हती. ती जवळून गेली तशी दोघांनी माना खाली घातल्या.

धाकटा शिडीच्या पायथ्याशी एकटाच बसला होता. पापण्यांवर आणि कानांवर पांढरी पूड, आणि त्या पांढऱ्यात डोळे लाल.

“कापड?” तिने डबा ठेवता ठेवता विचारलं.

“आल्याआल्या काढलं. पट्ट्यावर टाकलं. गेलं खडीत.”

“कोणी पाहिलं?”

“ताई, न पाहून काय होतंय. रिकामी खिडकी दिसत नाही का त्यांना?” त्याने घास घेतला, चावत राहिला, पण गिळला नाही. “दाजी म्हणाले होते छापणार नाहीत.”

“हो.”

“सकाळपासून माझ्याशी कोणी बोललं नाही. वर चढताना बघत होते सगळे. दोन महिन्यांपूर्वी तो फिटर होता, डिझेलचोरीचं कोणाला तरी सांगितलं म्हणून... त्याला पट्ट्याजवळ...”

“जेव तू.”

मुकादम आला. म्हातारा माणूस, सुरुंगांनी एका कानाने बहिरा. तो तिच्याजवळ वाकला. “साहेबांनी चारला सगळ्यांना उभं करायला सांगितलंय. तुझ्या मालकालाही बोलावलंय. स्वतःच्या पायाने आले तर बरं, असं म्हणाले.”

परत जाताना तिने सायकल अशी हाणली की धाप लागली. घरात शिरली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि अर्धं पाणी अंगावर सांडलं. बातमीदार उठून बसला.

“चारला बोलावलंय तुम्हाला. ऐका. तुम्ही सांगायचं, फोटो मी काढला.”

“मी?”

“मंगळवारी कडा पडल्यावर सगळे तिकडे धावले होते. धाकटाही धावला होता. केबिन रिकामी होती. तुम्ही बातमी कळून आलात, मागच्या बाजूने शिरलात आणि वर चढलात.”

त्याने आपल्या पायाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. गुडघा एखाद्या कांद्यासारखा वर आलेला, त्यावर टाक्यांची चकाकणारी रेघ.

“ती शिडी उभी आहे गं. बत्तीस पायऱ्या. मला संडासात बसता येत नाही धड.”

“म्हणून तर विचारतील. विचारलं तरी तेच सांगायचं.”

“आणि दाखव म्हणाले तर?”

तिने अंगावरचा ओला पदर पिळला. मग ती म्हणाली, “तर दाखवायचं.”

पत्रा तापून टकटक आवाज करत होता. मग त्याने भिंतीला धरून उभं राहून तोंड धुतलं, इस्त्रीचा सदरा घातला, खिशाला पेन लावलं. दोन्ही हातांना घाम होता, म्हणून बटण लागेना. ते तिने लावलं.

चार वाजता खाणीवरची साठेक माणसं क्रशरसमोर उन्हात उभी होती. मॅनेजर छपरीत खुर्चीवर. बातमीदार काठी टेकत बायकोबरोबर आला, तेव्हा मॅनेजरने दुसरी खुर्ची पुढे करवली, पाणी मागवलं.

“बसा पत्रकार. एवढ्या उन्हात तुम्हाला त्रास दिला.” त्याच्या मांडीवर सकाळचाच पेपर होता. “मला फक्त एकच विचारायचंय. फोटो कोणी काढला?”

“मी.”

“कुठून?”

“वरून. केबिनमधून.”

मॅनेजर हसला. त्याच्या मागे उभे असलेले दोघे दांडगे गडी हसले आणि मग माणसांतलेही काही जण हसले, हसायला हवं म्हणून.

“तुम्ही? वर?”

“केबिन रिकामी होती. सगळे कड्याकडे गेले होते.”

“ऑपरेटर कुठे होता?”

“तोही तिकडेच होता.”

मॅनेजरने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा रांगेच्या टोकाला उभा होता, ओठ पांढरे पडलेले. बहिणीने त्याच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर तो काहीतरी बोलून बसला असता.

“बरं,” मॅनेजर म्हणाला. “मग एकदा चढून दाखवा. म्हणजे माझाही जीव शांत होईल.”

बातमीदार उठला. काठी त्याने खुर्चीला टेकून ठेवली आणि लंगडत शिडीशी गेला. दिवसभर तापलेलं लोखंड. पहिल्या पायरीला हात लावल्यावर त्याने तो झटकन मागे घेतला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा धरला.

डावा पाय वर, मग हातांनी अंग ओढून घ्यायचं, मग उजवा पाय काठीसारखा ताठ तसाच वर आणून पायरीवर टेकवायचा. पायरी चुकली की नडगी लोखंडावर आपटे आणि तो आवाज खाली ऐकू येई. ती मोजत होती. सात. आठ. अकराव्या पायरीवर तो थांबला, कपाळ लोखंडाला टेकलं आणि चटका बसल्यासारखं लगेच काढलं. सदरा पाठीला चिकटला होता. खिशातलं पेन निसटलं आणि पायऱ्यांवर आदळत खाली आलं.

हे आपण करायला लावलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तो पडला तर आपण मारला. उतरून आला आणि पटलं नाही, तर धाकटा गेला. तिने पदराचा बोळा दातात धरला.

एकवीस. बावीस. आता त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त तळवे आणि हलणारा सदरा. वारा सुटला होता आणि पत्रे वाजत होते. तिसावर त्याचा डावा पाय घसरला. माणसांतून एक दबका आवाज निघाला. तो दोन हातांवर लोंबकळला, उजवा ताठ पाय हवेत आडवा झाला, मग डाव्याला पायरी सापडली. बत्तीस. तो केबिनच्या दारातून पोटावर सरपटत आत गेला.

बऱ्याच वेळाने त्याचं डोकं खिडकीत आलं.

“आता सांगा,” मॅनेजरने खालून आवाज दिला. आवाजात अजूनही अदब होती. “फोटो काढला तेव्हा पोकलेन कुठल्या बाजूला उभं होतं?”

दगड उपसायचं ते पोकलेन मशीन फोटोत नव्हतं. फोटो तिने दहा वेळा पाहिला होता. कडा, ढीग, तीन ताडपत्र्या, कापड. उजवीकडे होतं की डावीकडे, हे तिथे असलेल्या माणसालाच ठाऊक असणार. धाकट्याचं तोंड उघडलं. शेजारी उभ्या मुकादमाने त्याच्या पायावर पाय दिला.

वर बातमीदार खिडकीची सळी धरून उभा होता. एवढ्या लांबून त्याचा चेहरा कळत नव्हता.

“पोकलेन नव्हतं,” तो म्हणाला.

“काय?”

“पोकलेन तेव्हा आलंच नव्हतं.” धापेमुळे त्याचे शब्द तुटत होते, पण तो ओरडून बोलत होता, आणि कड्यावरून त्याचा आवाज परत येत होता. “तास झाला तरी आलं नव्हतं. माणसं हातांनी दगड उचलत होती. नखं निघाली त्यांची. आणि तिघं बाहेर काढले तेव्हा एक जण पाणी मागत होता.”

मंगळवारी रात्री धाकट्याने भिंतीकडे तोंड करून जे सांगितलं होतं, त्यातलंच हे होतं. ते तिने ऐकलं होतं आणि विसरायचा प्रयत्न केला होता.

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “खरंय.” फार मोठ्याने नाही. मॅनेजरने मान वळवली तेव्हा सगळ्यांचे डोळे जमिनीकडे होते. कित्येकांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, आणि मॅनेजरला त्या आत्ताच दिसल्या असाव्यात.

तो उठला. “उतरवा त्यांना,” म्हणाला.

उतरणं चढण्याहून वाईट होतं. उजवा पाय खालची पायरी शोधू शकत नव्हता. शेवटी मुकादमच शिडी चढून गेला आणि खालून त्याचा एकेक पाय हातात धरून पायरीवर ठेवत आला, तान्ह्या पोराला चालायला शिकवतात तसा. खाली आल्यावर बातमीदार उभा राहू शकला नाही. मॅनेजरच्या माणसाने त्याच्या खिशातून फोन काढून घेतला, फोटो पुसला, फोन तळहातावर परत ठेवला.

“परवापर्यंत खुलासा छापून आणा,” मॅनेजर म्हणाला. “विनापरवाना आत शिरलो होतो, फोटोची खात्री केली नव्हती. तुमचं घर कुठे आहे ते आम्हाला माहीत आहेच. तुमच्या घरच्या रोज फिरतात, सायकलवर, अंधाराच्या.” मग धाकट्याकडे न बघता, “क्रशर चालू करा.”

धाकटा शिडी चढून गेला. थोड्या वेळाने भोंगा वाजला आणि खडखडाट सुरू झाला.

पुढचे दोन दिवस बातमीदार खाटेवर होता. गुडघा सुजून मांडीएवढा झाला. ऑफिसने खुलासा छापायला नकार दिला. तिकडे शहरात बसून छातीठोकपणे म्हणाले, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. इथे पाठीशी फक्त मातीची भिंत होती. ती पहाटे पेपर टाकायला निघाली की खाणीची पांढरी जीप दिवे न लावता तिच्या मागे यायची, काही अंतर ठेवून, सायकलच्या वेगाने. ती थांबली की जीप थांबायची. आतून कोणी एक शब्द बोलत नसे. दुसऱ्या दिवशी भीतीने तिला रस्त्यातच उलटी झाली, तेव्हाही जीप उभी होती. पदराने तोंड पुसून ती पुढच्या दाराकडे गेली.

धाकटा रोज कामावर जात होता. जाऊ नको म्हणायची सोय नव्हती, न जाणं म्हणजे कबूल करणं. संध्याकाळी तो यायचा, धुरळा धुवायचा, आणि दाजींच्या खाटेकडे पाठ करून बसायचा. त्याचा राग होता की लाज होती, तिला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो नुकताच येऊन मोरीत हातपाय धूत होता. ऊन अजून भिंतीवर होतं. दारात एक बाई उभी राहिली. अंगावर प्रवासाचा मळ, कडेवर झोपलेलं पोर, हातात पेपरचं घडी पडून फाटत आलेलं पान.

“फोटोवाले इथेच राहतात का?”

पेपरवालीने आधी बाहेर गल्लीत पाहिलं. जीप नव्हती. मग बाईला आत घेतलं, पाणी दिलं. बाई पाणी प्यायली नाही. तिने पान बातमीदाराच्या खाटेवर पसरलं.

“माझा माणूस इथे कामाला होता. आठ दिवस झाले फोन नाही. फाटकावर विचारलं तर म्हणाले, या नावाचा कोणी नव्हताच कधी. आमच्याकडे एकाने हे वाचून दाखवलं.” तिने ताडपत्र्यांवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. “यातला तो आहे का, एवढंच सांगा.”

“तोंडं झाकलेली होती बाई,” बातमीदार म्हणाला.

“पायात काय होतं?”

तो गोंधळला. छापलेल्या पानात पाय म्हणजे नुसता एक काळसर डाग होता, आणि फोनमधला फोटो गेला होता.

“तुम्ही काढलात ना? तुम्ही वर होता. मग पायात काय होतं ते दिसलं असेल.”

बातमीदाराने बायकोकडे पाहिलं. खोटं सांगायला तो तयार होता, पण कुठलं खोटं सांगावं ते त्याला सुचेना. हो म्हणावं तरी पाप, नाही म्हणावं तरी पाप. पेपरवालीला मोरीतल्या पाण्याचा आवाज थांबलेला ऐकू आला. धाकटा दारात आला होता. कोपरांवरून पाणी गळत होतं. तिने मानेने नको अशी खूण केली. त्याने ती पाहिली, तिला कळलं की त्याने पाहिली.

“काळे रबरी बूट होते,” धाकटा म्हणाला. “उजव्या बुटाला वरून तार गुंडाळलेली.”

बाई रडली नाही. हळूच खाली बसली, पोराचं डोकं सांभाळून. “तळ सुटत होता,” ती म्हणाली. “मी म्हटलं नवीन घ्या. तर म्हणाले, एवढा हंगाम जाऊ दे.”

“पाणी तोच मागत होता,” धाकटा म्हणाला. “मी वरून उतरलो तोवर... ताडपत्र्या घालेपर्यंत मी फोटोच काढत बसलो होतो. आधी उतरायला हवं होतं मी.” त्याने ओल्या हातांनी तोंड पुसलं. “दाजी नव्हते वर. मी होतो.”

बाहेर कोणाची तरी मोटार गेली आणि चौघांनीही ती जाईपर्यंत श्वास धरून ठेवला.

“पोलिसांत येऊन सांगाल?” बाईने विचारलं. “माझं कोणी ऐकत नाही. तो होता एवढं तरी लिहून घेतील.”

धाकट्याने दोरीवरचा सदरा ओढला. ओल्या अंगावर तो चढेना, बाही पिळवटत होती. पेपरवाली उठली आणि तिने बाही सरळ करून दिली. तिला वाटत होतं, हा सदरा फाडून टाकावा, दाराला आतून खाट लावावी, या बाईला बाहेर काढावं. तिचे हात मात्र त्याची कॉलर नीट करत होते.

बातमीदार खाटेवर सरकून बसला होता, फोन कानाला. पलीकडून ऑफिसमधल्या माणसाचा आवाज येत होता. “हो, लिहून घ्या,” तो म्हणाला. “प्रत्यक्षदर्शी आहे. खाणीचाच कामगार.” मग त्याने फोन छातीशी दाबला आणि धाकट्याकडे पाहिलं. या खेपेला त्याने विचारलं.

“नाव घालू का?”

धाकट्याने दाजींकडे पाहिलं नाही. तो बहिणीकडे बघत होता, लहानपणी कुठे जायचं असलं की बघायचा तसा, जाऊ का न विचारता. तिने दाराची चौकट धरली.

“घाला,” ती म्हणाली.

“पेपरात वय लागतं. सव्वीस ना?”

“सव्वीस पूर्ण,” ती म्हणाली. “सत्ताविसावं चालू आहे. नीट लिहा.”